वरकुट्याची बालवाडी आणि माझा शेरा

बारामतीला जाऊन येणं हा काही प्रवास नव्हे, असं माझी शेजारीण म्हणाली आणि ते खरंच आहे. सकाळी पुण्याहून एसटी धरली की जेवायच्या वेळेला माणूस तिथं पोचतं. तिथून पुढं इंदापूर तालुक्यातलं वरकुटे म्हणजे फार तर तास-सव्वा तासाचा रस्ता. लोक हिमालयात जातात, आफ्रिकेत सिंह बघून येतात आणि मग लिहितात. मी ऊस बघून आले. तरी लिहायला बसले आहे, कारण वरकुट्याला जायचं मी तेहतीस वर्षं टाळत होते आणि तिथं जे ऐकलं ते मनात ठेवून मला झोप लागत नाही.

मी बालशिक्षणातली. म्हणजे बालवाडीच्या ताईंना शिकवण्यात जन्म गेला. प्रत्यक्ष मुलांना शिकवलं फार थोडं. उंटावरून शेळ्या हाकणारे म्हणतात ना, त्यातलीच मी. तेहतीस वर्षांपूर्वी एका संस्थेनं गावोगाव बालवाड्या काढल्या होत्या आणि त्या नीट चालतात की नाही हे बघायला मला पाठवलं होतं. वरकुट्याची बालवाडी बिरोबाच्या देवळाच्या ओवरीत भरायची. ती चालवायच्या गजराबाई. सातवी पास, सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, पूर्वी मेंढरं राखणाऱ्या आणि नंतर शेतीला लागलेल्या घरातल्या. बावीस मुलं होती.

गजराबाईंची एक रीत होती. सकाळी त्या भिंतीला पाठ लावून घोंगडीवर मांडी घालून बसत. जे मूल येईल ते आधी त्यांच्या मांडीवर. मग चौकशी. काय खाल्लंस, रात्री खोकला आला का, तुमची शेळी व्यायली ना, काय झालं, पाट का बोकड. मूल सांगायचं तेवढं सांगायचं, गप्प बसायचं तर गप्प बसायचं, आणि पोट भरलं की आपण होऊन उठून खेळायला जायचं. की पुढचं मूल. बाकीची मुलं पाळी यायची वाट बघत खडे मांडत बसलेली. बावीस मुलांची पाळी संपायला तास लागायचा.

मी तेव्हा एकतिशीची. नुकतंच मोठं प्रशिक्षण घेतलेलं आणि अंगात वारं भरलेलं. मुलानं स्वतःचं स्वतः करावं, मोठ्यांनी मध्ये येऊ नये, एवढंच डोक्यात पक्कं बसलेलं. मी वहीत शेरा लिहिला: सेविका मुलांना मांडीवर घेते, रोजचा एक तास वाया जातो, मुलांच्या स्वावलंबनास बाधक, प्रशिक्षित सेविका नेमावी. लिहून थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. पण चार आयांच्या देखत मी गजराबाईंना म्हणाले, "मुलांना असं मांडीवर घ्यायचं नसतं. त्यानं मुलं दुबळी होतात. पुढं शिकत नाहीत." गजराबाईंनी मान खाली घालून "व्हय बाई" म्हटलं. दोन महिन्यांनी त्यांच्या जागी इंदापूरची दुसरी बाई आली.

पुढं काय झालं ते आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. विद्येचं वारं फिरलं. लहान मुलाला आधी एक भरवशाचं माणूस लागतं, त्या माणसाची ऊब असली तरच ते मोकळं होऊन शिकतं, असं परदेशातून पुस्तकांमधून आलं. आम्ही ते डोक्यावर घेतलं. मी तर त्यावर गावोगाव व्याख्यानं दिली, हार-तुरे घेतले. आणि प्रत्येक व्याख्यानात ओवरीतली ती घोंगडी मला दिसायची. तरी गजराबाईंचं नाव एकदाही घेतलं नाही.

म्हणून बारामतीच्या एका महाविद्यालयातून अंगणवाडीच्या ताईंपुढं बालशिक्षणाचा इतिहास सांगायला बोलावणं आलं, तेव्हा मी फोनवरच विचारलं, "वरकुट्याच्या गजराबाई कुठं असतात, कुणाला माहीत आहे का?" दोन दिवसांनी उलट फोन आला. त्या वरकुट्यालाच आहेत आणि त्यांची मुलगी इकडंच अंगणवाडी सेविका आहे, व्याख्यानालाही येणार आहे. मग मला नाही म्हणायला जागाच उरली नाही. जायचं, त्यांच्यासमोर बसायचं आणि म्हणायचं, मी चुकले, तुमचं बरोबर होतं. एवढं एक वाक्य घेऊन मी निघाले.

बारामती

जानेवारी होता. बारामतीचे रस्ते पुण्याच्या मानानं इतके रुंद आणि झाडलेले की ओलांडताना आपलंच काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं. पुण्यात रस्ता ओलांडणं हा पराक्रम असतो. इथं नुसतं चालत जायचं. मात्र एक गोष्ट पुण्याचीच आली आहे. दर दोन गल्ल्यांना भिंतीवर अस्वलं आणि फुगे रंगवलेली एक प्ले स्कूल. एका फाटकावर तीन वर्षांच्या मुलांचे टाय वाळत घातले होते. मी मोजले, सतरा.

दुपारी व्याख्यान. सभागृहात सव्वाशे सेविका, सगळ्यांच्या गणवेशाच्या एकसारख्या साड्या. मी इतिहास सांगितला. जर्मनीतले एक गृहस्थ, ज्यांना वाटलं की लहान मुलं रोपांसारखी वाढवावीत, म्हणून त्यांनी शाळेला मुलांची बाग म्हटलं आणि हातात लोकरीचे चेंडू अन् लाकडी ठोकळे दिले. मग इटलीतल्या एक डॉक्टरीणबाई, ज्यांनी गरीब वस्तीतल्या मुलांसाठी बुटक्या खुर्च्या आणि मुलांच्या हाताला येतील अशी कपाटं केली आणि दाखवून दिलं की मूल कामात रमलं की त्याला शिपाई लागत नाही. मग ते आपल्याकडे शहरात आलं, महागडं सामान आणि मेणानं पुसलेल्या फरश्यांसकट. आणि मग आपल्यातल्याच काही बायका ते सामान मागं ठेवून समुद्राकाठच्या आदिवासी पाड्यांवर गेल्या. शिंपले, बिया, माती यांचीच साधनं केली. पोरं शाळेत येत नाहीत ना, मग शाळाच त्यांच्या अंगणात नेऊ म्हणाल्या. तुम्ही ज्या अंगणवाडीत काम करता तिचं नाव असं आलं, हे सांगितलं तेव्हा सगळ्याजणी जरा ताठ बसल्या.

शेवटी मी नेहमीप्रमाणे मांडीवर आले. मांडी ही मुलाची पहिली शाळा, वगैरे. तेवढ्यात मागून एक ठसठशीत कुंकवाची बाई उभी राहिली.

"म्याडम, मांडी येक अन् पोरं पंचवीस. कसं करायचं?"

सगळं सभागृह हसलं. मीही हसले आणि म्हणाले, "पाळीपाळीनं. सकाळचा पहिला तास त्याच्यासाठीच ठेवायचा. एका सेविकेनं असं केलेलं मी डोळ्यांनी पाहिलंय."

एका सेविकेनं! तिची मुलगी समोर कुठंतरी बसली असणार हे मला माहीत होतं, तरीही जीभ पुढं जाईना.

चहाच्या वेळी ती आपण होऊन आली. पस्तिशीची, काटक, केस घट्ट बांधलेले. "मॅडम, मी मंगल. वरकुट्याच्या गजराबाईंची धाकटी. माळेगावला असते. तुमी आईचं विचारलं म्हणं?"

"तू तेव्हा केवढी होतीस?"

"अडीच वर्साची आसंन. आई मला घिऊनच बालवाडीत यायची. मला काय आठवत न्हाय."

मी तिला सांगितलं की आईला भेटायचंय, एक बोलायचं राहिलंय. काय ते तिनं विचारलं नाही. एवढंच म्हणाली, "आई लय बोलत न्हाय हां. कडक हाय. उद्या माझी अंगणवाडी बघा, परवा मी सोडते तुमाला."

माळेगाव बुद्रुक

साखर कारखान्याच्या गाळपाचा हंगाम असल्यानं सगळ्या गावावर मळीचा वास होता. पहिली दहा मिनिटं नाक धरावंसं वाटतं, मग आपल्याला वासच येईनासा होतो आणि आपण गावचे होतो. उसानं शिगोशीग भरलेल्या ट्रॉल्या, दोन-दोन एकामागं एक जोडलेल्या, ट्रॅक्टरवर मोठ्यानं गाणी. त्यांच्या मधून बैलगाड्या निवांत. बैलांना गाण्यांची सवय झालेली दिसली.

मंगलची अंगणवाडी बघून मी थक्क झाले. चपला ओळीत. हात धुवायला ओळ. खिचडीला ओळ. बुटक्या फळीवर ठोकळे, मणी, बिया, प्रत्येकाची जागा ठरलेली, आणि तीन वर्षांचं पोरगंसुद्धा खेळून झालं की डबा जागेवर ठेवून येत होतं. मंगल कुणावर ओरडत नव्हती. मी एकतिशीत जशी बालवाडी डोळ्यांपुढं आणायची, ती इथं जिवंत चालली होती.

अकराच्या सुमाराला ऊसतोडणी करणाऱ्या एका बाईनं आपली मुलगी आणून सोडली आणि ती फडाकडं पळाली. मुलगी तीन वर्षांची, मराठवाड्यातून आठवड्यापूर्वी आलेली, दारातच उभी राहून हमसाहमशी रडायला लागली. मंगल तिच्यासमोर जाऊन बसली. तिच्याशी हळू बोलली. पुढ्यात मण्यांचा डबा ठेवला. पाणी दिलं. सगळं केलं, पण तिला जवळ घेतलं नाही. मुलगी रडून रडून दमली आणि दाराच्या चौकटीला टेकून झोपली. तेव्हा मंगलनं तिच्या अंगावर चादर घातली.

"उचलून का नाही घेतलंस?" मी विचारलं. माझा आवाज जरा शिक्षिकेचा झाला असणार.

ती ओशाळली. "काल तुमी सांगितलं ते पटतंय मॅडम. पण मला जमत न्हाय. पोरगं अंगाला लागलं की अवघडल्यागत हुतं. माझी दोन्ही पोरं बी सासूनंच मांडीवर घेतली."

संध्याकाळी तिनं घरी जेवायला नेलं. तिचा नवरा कारखान्यात पाळीला गेलेला, सासू नातवंडांना घेऊन लग्नाला. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याचं आमटीसारखं पातळ आणि जहाल तिखट कालवण, हिरव्या मिरचीचा ठेचा. पुण्यात आम्ही तिखट म्हणतो ते इथं बाळंतिणीला देत असावेत. माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि मंगल हसत सुटली. एकदा हसू फुटलं तशी ती मोकळेपणी बोलायला लागली.

"आमी तिघं भावंडं. दोघं भाऊ मोठे. त्यांचं आई अजून सांगती, ह्यो मांडीवर बसून असा मुतायचा, त्यो असा झोपायचा. माझं कायच न्हाय. मला तिनं कवा घेतल्याचं मला ठावं न्हाय. जवळ गेलं की गुडघं वर करून बसायची. मी शेजारच्या काकीला इचारलं हुतं ल्हानपणी, मी ह्यांचीच हाय न्हवं?" ती हे हसतच सांगत होती. "पोरगी ना मी. पोरगी नको आसंल तिला. जाऊ द्या. शिकवली मातर तिनंच. बाबा नको म्हणत हुते, तिनं भांडून बारावी करवली."

आणि मी काय करावं? मी शहाणीनं मुलगा-मुलगी भेदभावावर तिला पाच मिनिटं ऐकवलं. जुन्या पिढीच्या बायकांच्या मनात हे कसं रुजलेलं असतं आणि त्यात त्यांचाही कसा दोष नसतो, असं सगळं. मंगलनं शांतपणे ऐकून घेतलं आणि मला आणखी अर्धी भाकरी वाढली. हे आठवलं की आजही मला स्वतःच्या तोंडात मारून घ्यावंसं वाटतं.

सणसर

तिसऱ्या दिवशी सकाळी मंगलच्या स्कूटीवर मागं बसून निघालो. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी मी साडी नेसून स्कूटीवर एका अंगानं पन्नास किलोमीटर जाईन असं कुणी सांगितलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. सणसरच्या अलीकडे एका ट्रॉलीतून उसाची मोळी रस्त्यावर सांडली, मंगलनं गाडी कडेला घातली आणि आम्ही दोघी अलगद मातीत बसलो. लागलं कुणालाच नाही. माझ्या एका चपलेचा अंगठा तेवढा तुटला. पुढं गुऱ्हाळ होतं, तिथं एका तात्यांनी सुतळीनं तो बांधून दिला आणि वर पानावर गरम गूळ दिला. मंगल त्यांच्या ओळखीची निघाली.

"ह्या कोण पाव्हण्या?"

"पुण्याच्या मॅडम हायत्या तात्या. ल्हान पोरांचं शिकवत्यात."

तात्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं. "ल्हान पोरांना काय शिकवायचं असतंय? ती हायत तशी बरी असत्यात. मोठ्यांचं काय करायचं ते बगा."

"तुमची नातवंडं कुठं असतात?" मी विचारलं.

"नात हाय तीन वर्साची. बारामतीला विंग्रजी शाळंत जाती. सकाळी पिवळी गाडी येती. रडती, पण जाती." ते उकळत्या रसाच्या काहिलीकडं बघत राहिले. "जाया तर लागतंयच की."

आपलंच पहिलं म्हणणं आपल्याच दुसऱ्या म्हणण्यानं खोडलं गेलं हे त्यांच्या ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी मला गुळाचा आणखी एक खडा दिला आणि तो विषय बंद केला. गूळ मात्र असा की पुण्यातला गूळ म्हणजे नुसती रंगवलेली साखर वाटावी.

वरकुटे

सणसर मागं पडलं तसा ऊस विरळ होत गेला. डाळिंबाच्या बागा, मध्ये मोकळं माळरान, कुठं कणसं निसवलेली ज्वारी. वरकुट्याला बिरोबाचं देऊळ मी लगेच ओळखलं, जरी त्याला आता गुलाबी रंग दिलेला आणि ओवरीला लोखंडी जाळी बसवलेली होती. आत गुळगुळीत फरशी. बालवाडी तिथून कधीच उठली आहे. अंगणवाडीला वेगळी इमारत आहे. मी जाळीतून आत बघत उभी राहिले. मंगलनं हॉर्न वाजवला.

गजराबाई घराच्या ओट्यावर उकिडव्या बसून तुरीच्या शेंगा सोलत होत्या. साठीच्या, केस सगळे पांढरे, हात अजून झरझर चालणारे. मला वाटलं होतं, ओळखायला वेळ लागेल. त्यांनी मान वर केली आणि म्हणाल्या, "पुण्याच्या बाई न्हवं तुमी? वाळल्या की."

मंगलनं चटई टाकली. "आई, मॅडमना कायतरी बोलायचं हाय तुझ्यासंगं. मी च्या ठेवते," म्हणून ती आत गेली. गजराबाईंनी शेंगांची पाटी माझ्या पुढ्यात सरकवली. तिकडं पाहुण्यानं रिकाम्या हातानं बसायचं नसतं, हे बरं आहे. शेंगा सोलता सोलता तोंडानं कठीण बोलता येतं.

मी वाक्य म्हणून टाकलं. "गजराबाई, मी तेव्हा चुकले. मांडीवर घेऊ नका म्हणाले ते चूक होतं. तुमचं बरोबर होतं. तुमची बालवाडी माझ्यामुळं गेली. मी माफी मागायला आले."

त्या सोलत राहिल्या. मग म्हणाल्या, "बालवाडी गेली त्याचं काय न्हाय वो. शेतात काम हुतंच. वरीसभर वाईट वाटलं, मंग इसारले." आणि जरा वेळानं, अगदी समजूत काढल्यासारखं, "अन् चुकला कशानं? तुमचं खरंच झालं की. मंगल शिकली. बारावी झाली, नोकरीला लागली. थोरली दोघं मांडीवर वाढली, एक धावी नापास, एक नववीतच बसला. तुमी म्हणला हुता, मांडीवरची पोरं शिकत न्हाईत. डोळ्यांनी बगितलं मी."

माझे हात थांबले. "म्हणजे मंगलला तुम्ही..."

"त्या दिसापासनं न्हाय घेतली. तुमी त्या दिशी सांगितलं अन् मला वाटलं, अगं बया, लोकाच्या बावीस पोरांचं वाटुळं केलं मी. आपल्या पोरीचं तरी करू नये." त्यांनी एक शेंग उघडली, दाणे पाटीत टाकले. "ती यायची की. अडीच वर्साचं लेकरू. काम करताना म्होरं येऊन उभी ऱ्हायची. मांडी घालून बसलं की येणारच. म्हणून मी उकिडवी बसाया शिकले. उकिडवं बसलं की मांडीच ऱ्हात न्हाय, बसणार कुठं? धा-पंदरा दिस रडली. मंग यायची बंद झाली."

त्यांनी हे तक्रार म्हणून सांगितलं नाही. एखादं अवघड काम आपण कसं पुरं केलं, तसं सांगितलं. त्या माझ्यावर रागावल्या असत्या तर मला ते सोसलं असतं. मी त्याची तयारी करून आले होते. पण या बाईनं माझ्यावर विश्वास ठेवला होता. ज्या पुस्तकांच्या जोरावर मी बोलले, त्या पुस्तकांत तसं काही लिहिलेलंही नव्हतं. त्या इटलीच्या बाईंनी मूल स्वतः करतं तेव्हा मध्ये येऊ नका म्हटलं, जवळ घेऊ नका असं कुठं म्हटलं होतं? ते मी माझ्या पदरचं घातलं, कारण मला माझी वही भरायची होती आणि एक तास मोकळा दिसला पाहिजे होता.

"त्या दोघा भावांचं तसं नाही हो," मी कसंबसं म्हणाले. "मांडीचा आणि नापास होण्याचा काही संबंध नाही. मंगल शिकली ती तुम्ही भांडलात म्हणून. मांडीवर घेतली असती तरी शिकली असती."

गजराबाईंनी पहिल्यांदा शेंगा सोलायचं थांबवलं. माझ्याकडं नीट बघितलं.

"तुमाला हुता न्हवं एक लेक तवा? दोन वर्साचा. तुमी सांगितलं हुतं मला."

"हो."

"त्याला घेत हुता का मांडीवर?"

खोटं बोलायचं एक क्षण मनात आलं. पण आता आणखी काय लपवायचं होतं? दौऱ्यावरून संध्याकाळी घरी गेले की पिशवी खाली ठेवायच्या आधी मी त्याला उचलायची. तो तसाच मांडीवर बसून जेवायचा. सहा वर्षांचा होईपर्यंत. वहीतला नियम वहीत, आणि घरचं घरात. लोकांना सांगायचं ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण. मला त्यात कधी काही खटकलंसुद्धा नव्हतं.

"घेत होते," मी म्हणाले. "रोज."

गजराबाई अगदी हळू म्हणाल्या, "मंग आमालाच का सांगितलं, बाई?"

मी पाटीतली पुढची शेंग उचलली.

तेव्हा मला दिसलं की मंगल चहाचे कप घेऊन उंबऱ्यावर उभी आहे. किती वेळ उभी होती कोण जाणे. चहावर साय धरली होती. तिच्या चेहऱ्यावर काय होतं ते मी सांगू शकत नाही, कारण मी बघितलं नाही. माझी नजर कपांवरून वर गेलीच नाही. कप खाली ठेवल्याचा आवाज आला. मग ती येऊन आईच्या अगदी लगत बसली, जमिनीवर, आणि तिनं आईच्या उभ्या गुडघ्यावर डोकं टेकलं. छत्तीस वर्षांची बाई, गणवेशाच्या साडीतली, दोन मुलांची आई. रडली नाही. नुसतं डोकं ठेवलं आणि डोळे मिटले.

"मला वाटायचं मी पोरगी म्हणून," ती म्हणाली.

"न्हाय गं," गजराबाई म्हणाल्या. "न्हाय. तसं न्हाय."

त्यांनी चाचपडत पाय जमिनीवर सोडले. मांडी घालायला बघत होत्या, पण एवढ्या वर्षांनी गुडघे तसे वळेनात. शेवटी पाय लांब पसरले आणि मंगलचं डोकं घसरून त्यांच्या मांडीवर आलं. गजराबाईंचा हात उचलला गेला आणि तिच्या केसांच्या वर वीतभर अंतरावर तसाच थांबला. खाली येईना.

आणि त्या हात तसाच धरून माझ्याकडं बघायला लागल्या. इतकं सगळं ऐकूनसुद्धा. मी नको म्हणेन की काय, याची त्यांना भीती होती.

मी "घ्या, घ्या" म्हणाले की नुसती मान हलवली, ते मला आठवत नाही. एवढंच आठवतं की मी उठले आणि त्यांच्याकडं पाठ करून अंगणात जाऊन उभी राहिले.